कॅन्सर झालेल्या मुलांसाठी भिशी कशी चालवावी

लहान पोराला कॅन्सर झालाय असं कळलं, की बेळगावात पैसे गोळा व्हायला वेळ लागत नाही. मंडळाची पोरं डबा फिरवतात, व्हॉट्सॲपवर मुलाचा फोटो आणि खाते क्रमांक फिरतो, आठवड्याभरात चाळीस-पन्नास हजार उभे राहतात. लोकांच्या या मायेला मी नावं ठेवणार नाही. पण मुलांमध्ये सगळ्यात जास्त दिसतो तो रक्ताचा कॅन्सर, आणि त्यातल्या नेहमीच्या प्रकाराचे, ए.एल.एल.चे उपचार दोन ते तीन वर्षं चालतात. डब्यातले पैसे चार महिन्यांत संपतात. तोवर मंडळ पुढच्या उत्सवाला लागलेलं असतं, आणि आईबाप परळच्या टाटा हॉस्पिटलला नाहीतर बंगळूरला, पुढचा हप्ता कुठनं आणायचा या घोरात बसलेले असतात. म्हणून माझं म्हणणं एकच आहे: उपचार जितके दिवस चालतील तितके दिवस मदत चालली पाहिजे, मग ती थोडी का असेना.

मी शहापुरात राहते. सगळी नोकरी एका सहकारी सोसायटीत कॅशियर म्हणून झाली, त्यामुळं हप्ते, पावत्या आणि वहीचा ताळा हे अंगात मुरलेलं आहे. आमच्या भागातल्या एका विणकराच्या मुलीला हा आजार निघाला, तेव्हा आम्ही बायकांनी साड्यांची भिशी होती तशी ठेवली आणि तिच्या जोडीला ही दुसरी, त्या पोरीच्या मदतीची, लावली. ती अजून चालू आहे. तुम्हाला आपल्या गल्लीत, गावात किंवा उद्यमबागच्या कारखान्यात अशी लावायची असेल तर काय काय बघावं लागतं ते सांगते.

भिशी लावताना

हप्ता लहान ठेवा. शंभर किंवा दोनशे रुपये. घरात लग्न निघालं, पाऊस लांबला, लूम बंद पडला, तरी देता येईल इतकाच. पाचशे लावून सहा महिन्यांत निम्म्या बायका गळाल्या, तर त्या पोरीला काय उपयोग? खातं बँकेत किंवा सोसायटीत दोघींच्या सहीचं काढा, कुणा एकीच्या फोनवर पैसे घेऊ नका. ओळखीच्यांपुरतीच ठेवा. बाहेरच्यांकडून वर्गणी गोळा करायची असेल तर ती नोंदणी झालेल्या संस्थेच्या पावतीवरच करावी, आपल्या वहीवर नको.

वहीत तारीख, रक्कम, कशासाठी आणि कुणाच्या हातात, एवढे चार रकाने पुरतात. आमच्या वहीतलं एक पान असं आहे: रात्रीची रिक्षा सिव्हिलपर्यंत, 250. अंडी आणि शेंगदाणे, 310. धाकट्याची शाळेची वही-पुस्तकं, 480. लूम बंद राहिल्याबद्दल बापाला, 1,500. खाली दोघींच्या सह्या. दर महिन्याला भिशी जमली की पहिल्यांदा हे पान मोठ्यानं वाचतो, मग चहा. कुणाला शंका आली तर तिथंच विचारायची, मागं बोलायचं नाही. पैशांच्या कामात माणसं तुटतात ती न वाचलेल्या हिशेबामुळं.

आणखी एक बघा. भिशीत एक तरी बाई किंवा मुलगी कन्नड लिहिता-वाचता येणारी असू द्या. आपल्याकडं तालुक्याच्या कचेरीतला कागद कन्नडात येतो, मुंबईचा मराठी-इंग्रजीत, आणि मुलाचं नाव आधारवर एका स्पेलिंगनं, रेशन कार्डावर दुसऱ्या, शाळेच्या दाखल्यावर तिसऱ्या. या नावांच्या घोळात योजनेची मंजुरी आठवडा-आठवडा अडकते. आजार कळल्याबरोबर पहिल्याच दिवशी सगळ्या कागदांवरची नावं शेजारी ठेवून जुळवायची. हे काम आईबापाच्या डोक्यावर नको, त्यांना तेव्हा काही सुचत नसतं.

आधी सरकारी योजना, मग आपले पैसे

भिशीचे पैसे औषधाच्या मोठ्या बिलात घालू नका. त्यासाठी योजना आहेत. कर्नाटकात आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक ही 2018 पासूनची योजना आहे. बीपीएल कार्ड असेल तर घराला वर्षाला 5 लाखांपर्यंत. एपीएल असेल तर ठरलेल्या खर्चाच्या 30 टक्के, कमाल दीड लाखापर्यंत. तातडीची वेळ सोडली तर सरकारी दवाखान्याचं रेफरल पत्र लागतं, म्हणजे आपल्याकडं सिव्हिलमधून ते घेऊनच पुढं जायचं. महाराष्ट्र सरकारनं महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या 865 गावांसाठी जाहीर केली. तुमचं गाव त्या यादीत आहे का आणि ज्या हॉस्पिटलला चाललाय तिथं ती आज लागू होते का, हे तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, विचारून घ्या. विचारल्याशिवाय नाही असं समजू नका, आणि ऐकीव गोष्टीवर हो असंही धरून बसू नका.

रेल्वेची सवलत पुष्कळांना माहीतच नसते. उपचाराला जाणाऱ्या कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थ्री टियर एसीत तिकीट पूर्ण माफ असतं, सोबत्याला 75 टक्के सूट मिळते. त्यासाठी हॉस्पिटलकडून ठरलेल्या नमुन्यातला दाखला घ्यावा लागतो. राणी चन्नम्मानं बंगळूरला वरचेवर जायचं म्हटलं तर हा मोठाच आधार.

मोठ्या उपचाराला आपल्या भागातली माणसं बहुतेक परळच्या टाटा मेमोरियलला किंवा बंगळूरच्या किदवाईला जातात. हुबळीला नवनगरमध्येही कॅन्सरचं हॉस्पिटल आहे, बेळगावातही आता सोय वाढली आहे. कुठं जायचं हे डॉक्टरांनी ठरवायचं, भिशीनं नाही. आपण एवढंच सांगायचं, की पोचल्या दिवशी मेडिकल सोशल वर्करला भेटा. मुंबईत सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्सच्या घरांत बाहेरगावच्या कुटुंबाला उपचार चालू असेपर्यंत मोफत राहता येतं, पण तिथं जागा हॉस्पिटलच्या शिफारशीवर मिळते. मुलांच्या आहारासाठी कडल्स फाउंडेशन, औषध आणि मानसिक आधारासाठी कॅनकिड्स, आर्थिक मदतीसाठी 1951 पासून काम करणारी इंडियन कॅन्सर सोसायटी, या सगळ्यांची वाट त्या एका टेबलावरून जाते.

किदवाईला जाणाऱ्या मराठी आईसोबत एक कागद द्या. दुखतंय, उलटी झाली, ताप आहे, लघवी झाली नाही, पाणी पाहिजे, डॉक्टरांना बोलवा, एवढी वाक्यं कन्नडात, पण देवनागरी अक्षरांत लिहिलेली. आमच्या भिशीतल्या एका धारवाडच्या माहेरवाशिणीनं तो कागद तयार केला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिला. परळला जाणाऱ्या कन्नड आयांसाठी तोच उलटा करून कानडी लिपीत मराठी लिहिलं.

ज्या खर्चाला बिल नसतं

भिशीची खरी जागा इथं आहे. बाप लूमवर असो, फाउंड्रीत असो नाहीतर खानापूरकडं वीटभट्टीवर, गैरहजेरी म्हणजे मजुरी बुडाली. आई निपाणीत विड्या वळत असेल तर तिचंही तेच. घरी राहिलेलं दुसरं मूल मामाकडं जातं, त्याची शाळा सुटते, त्याच्याकडं कुणाचं लक्ष नसतं. मुंबईत दोन वेळचं जेवण, हॉस्पिटलपर्यंतचा बस-रिक्षाचा खर्च, मोबाइलचा रिचार्ज. यातला बहुतेक खर्च कुठल्या योजनेत बसत नाही, आणि याच खर्चानं माणसं मेटाकुटीला येऊन उपचार सोडतात.

हे मी नुसतं मनानं सांगत नाही. टाटा मेमोरियलमध्ये 2009 च्या सुमारास साधारण पाचातलं एक मूल उपचारच घेत नव्हतं किंवा ते अर्ध्यावर सोडत होतं. राहायची जागा, जेवण, पैसे, समुपदेशन आणि न आलेल्या घरी फोन करणं, हे सगळं तिथल्या इम्पॅक्ट फाउंडेशननं आणि जोडीच्या संस्थांनी लावून धरलं, आणि ते प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आलं. म्हणजे खोलीचं भाडं आणि रिक्षाचे पैसे हाही उपचारच आहे.

सगळ्यात महत्त्वाचा खर्च तापाचा. केमो घेणाऱ्या मुलाच्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात. अशा वेळी ताप 100.4 फॅरनहाइटला पोचला तर ती सकाळपर्यंत थांबण्याची गोष्ट नसते, तासाभरात दवाखाना गाठावा लागतो. आमच्याकडं त्या पोरीच्या दाराच्या खुंटीला एक पिशवी कायम अडकवलेली असते. आत थर्मामीटर, उपचाराची फाइल, शेवटच्या रक्त तपासणीचा कागद, डॉक्टरांचा नंबर, एक जोडी कपडे, पाण्याची बाटली, आणि भिशीचे एक हजार रुपये सुट्या नोटांत. गल्लीतल्या दोघा रिक्षावाल्यांना आधीच सांगून ठेवलंय, रात्री दोनला फोन आला तरी उचलायचा. ताप मोजायच्या आणि डॉक्टरांशी बोलायच्या आधी पॅरासिटामॉल द्यायचं नाही, हे पिशवीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय. खेड्यात राहत असाल, कणकुंबीसारख्या जंगलाकडच्या गावात तर जास्तच, गाडीची व्यवस्था आधी करा, बाकी सगळं नंतर.

रक्त आणि प्लेटलेट

शिवजयंतीला, गणपतीत आपल्याकडं रक्तदानाची मोठी शिबिरं होतात. एका दिवसात दोनशे बाटल्या. पण केमोतल्या मुलाला वरचेवर लागतात त्या प्लेटलेट, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशी, आणि त्या काढल्यापासून पाच दिवसच टिकतात. शिबिराच्या दहाव्या दिवशी त्यांचा काही उपयोग नाही. त्यामुळं शिबिराच्या जोडीला एक यादी करा: नाव, रक्तगट, फोन, आणि कुठल्या वारी मोकळे. रक्तपेढीचा फोन आला की यादीतल्या पुढच्या माणसानं जायचं.

एकाच दात्याच्या हातातून मशीननं प्लेटलेट काढतात त्याला दीड-दोन तास लागतात. त्यासाठी वजन 50 किलोच्या वर असावं, हिमोग्लोबिन किमान 12.5, आणि आदल्या तीन दिवसांत ॲस्पिरिनची गोळी घेतलेली नसावी. पोरं घाबरतात, म्हणून पहिल्या वेळी कुणीतरी अनुभवी सोबत जावं. बाकीचं रक्त परत अंगातच जातं, त्यामुळं हे दान साध्या रक्तदानापेक्षा लवकर पुन्हा देता येतं. आणि एक गोष्ट नातेवाइकांना समजावून सांगावी लागते. पुढं बोन मॅरो बदलायची शक्यता असेल तर डॉक्टर सख्ख्या नातेवाइकांचं रक्त द्यायचं टाळतात. अशा वेळी भाऊ-काका हात पुढं करून उभे असले तरी शेजारीच लागतात.

भेटायला जाताना

मन मोकळं करून सांगते, बहुतेक भेटी मुलाच्या फायद्याच्या नसतात. सर्दी-खोकला असेल तर जाऊच नका. फुलं नेऊ नका. उघड्या पेटीतला कुंदा, कापलेली फळं, चाटचं पाकीट नको. केळी, संत्री, मोसंबी अशी सालीची फळं चालतात का ते आईला फोन करून विचारा, कारण प्रत्येक मुलाचं पथ्य वेगळं. खेळणं धुता येणारं, प्लॅस्टिकचं किंवा लाकडी असावं, केसाळ अस्वल नको. आमच्या पोरीला सगळ्यात जास्त आवडला तो मण्यांचा डबा आणि नायलॉनचा दोरा. सलाइन डाव्या हाताला असली तरी उजव्या हातानं ती ओवत बसायची, आणि वॉर्डातल्या प्रत्येक नर्सच्या हातात तिची एक तरी माळ होती.

फोटो काढू नका. पैसे दिल्याचा तर अजिबात नको. पाच वर्षांनी ती शाळेत डोक्यावर केस घेऊन फिरेल, तेव्हा तिचा टकलाचा फोटो कुणाच्या फोनवर का असावा?

आईला विचारायचं असेल तर "कशी आहे पोर?" यापेक्षा "तुम्ही जेवलाव काय?" हे आधी विचारा. आणि तिच्याजवळ तासभर बसून तिला अंघोळीला नाहीतर झोपायला पाठवा. असा एक तास फळांच्या पाटीपेक्षा मोलाचा आहे.

शाळा आणि गल्ली

हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. हे आपल्याकडं अजून दारोदार सांगावं लागतं. उपचार घेऊन आलेलं मूल कट्ट्यावर बसलेलं असतं आणि बाकीची पोरं त्याला खेळायला घेत नाहीत, कारण घरातून सांगितलेलं असतं. भिशीतल्या बायकांनी आपापल्या घरापासून सुरुवात करावी. मूल शाळेत परत यायच्या आधी वर्गशिक्षकांना भेटा, त्यांनी वर्गाला सांगावं की हिचे केस औषधानं गेलेत, परत येणार आहेत, आणि टोपी ओढायची नाही.

शिक्षकांना आणखी एक काम द्या. वर्गात कुणाला गोवर किंवा कांजिण्या निघाल्या तर त्याच दिवशी घरी फोन करायचा. आपल्या मुलांना कांजिण्या म्हणजे आठवड्याची सुट्टी, पण या मुलांना त्या जिवावर बेततात, आणि वेळेत कळलं तर डॉक्टर इलाज करू शकतात. अभ्यास बुडाला असेल तर कॉलेजातल्या पोरी आठवड्यातून दोनदा घरी शिकवायला जाऊ शकतात, त्याला पैसे लागत नाहीत.

याच भेटीत अंगणवाडीताई आणि आशा कार्यकर्तीला आजाराची लक्षणंही सांगून ठेवा. न उतरणारा ताप, पांढरा फटक पडलेला चेहरा, आपटल्याशिवाय उठणारे काळेनिळे डाग, मानेत किंवा पोटात गाठ, सकाळी उठल्यावर डोकेदुखी आणि उलटी, हाडं दुखून लंगडणं, आणि फोटोत डोळ्याच्या बुबुळात पांढरी चमक. यातलं काही दिसलं तर बाळगुटीवर वेळ काढायचा नाही.

उपचार संपले तरी भिशी लगेच बंद करू नका. तपासण्या पुढं वर्षानुवर्षं असतात, त्यांचं गाडीभाडं द्यावं लागतं. आणि मूल गेलं, तर पुढचे काही महिने हप्ता त्याच घराला द्या. कर्ज तसंच असतं, आणि धाकट्या भावंडाची फी तशीच असते.

संशोधनाला किती आणि का

भिशीत हा प्रश्न नेहमी निघतो: संशोधन अमेरिका करते, आपले शंभर रुपये तिथं कशाला? मी त्याला एक गोळी दाखवते. आमची पोर आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, मेथोट्रेक्सेट घेते. (वार कॅलेंडरवर लाल पेनानं गोल करून ठेवा. ही गोळी चुकून रोज घेतली गेली तर घात होतो.) त्या जातीचं पहिलं औषध 1947-48 मध्ये बॉस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी मुलांना दिलं आणि पहिल्यांदाच रक्ताचा कॅन्सर काही काळ मागं हटला. ते औषध बनवणाऱ्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते येल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमवरमचे.

पण तिकडची पद्धत इकडं जशीच्या तशी चालत नाही. आपली मुलं आधीच अशक्त असतात, उशिरा येतात, जोरदार केमोत जंतुसंसर्गानं दगावतात. म्हणून 1980 च्या दशकात मुंबईचं टाटा, दिल्लीचं एम्स आणि चेन्नईचं अड्यार कॅन्सर इन्स्टिट्यूट यांनी एमसीपी 841 नावाची एकच ठरलेली उपचारपद्धती वापरायला घेतली, प्रत्येक मुलाची नोंद ठेवली, आणि बरं होण्याचं प्रमाण पुष्कळ वाढलं. पुढं मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या आयसिकल गटानं अनेक मोठ्या हॉस्पिटलांत मिळून तशीच चाचणी सुरू केली, कुठल्या मुलाला कमी औषध पुरतं आणि कुणाला जास्त लागतं हे आपल्या मुलांवरूनच ठरवण्यासाठी. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणं दरवर्षी जगात 19 वर्षांपर्यंतच्या सुमारे 4 लाख मुलांना कॅन्सर होतो. श्रीमंत देशांत 80 टक्क्यांहून जास्त बरी होतात, गरीब देशांत पुष्कळ ठिकाणी 30 टक्केसुद्धा नाहीत. 2030 पर्यंत सगळीकडं किमान 60 टक्के मुलं वाचावीत असं त्यांनी 2018 मध्ये ठरवलं. ते नुसत्या नव्या औषधानं होणार नाही. नोंदी ठेवणाऱ्या माणसाचा पगार, रक्ताचे नमुने जपणारा फ्रीजर, उपचार संपलेल्या मुलाला पाच वर्षांनी केलेला फोन, या साध्या गोष्टींनाही संशोधनच म्हणतात, आणि आपल्यासारख्यांच्या पैशानं त्या होऊ शकतात.

आमचं प्रमाण असं: दहा रुपयांतले सात घराच्या खर्चाला, एक तापाच्या पिशवीसाठी आणि अडीअडचणीला राखून, दोन संशोधनाला. ते दोन साठवून वर्षातून एकदा पाठवतो. मंडळाच्या पोरांना सांगते, तुम्हीही देखाव्याच्या वर्गणीतला एक भाग याच पद्धतीनं काढा.

पाठवायच्या आधी संस्थेची नोंदणी, 80जी (देणगीवरच्या करसवलतीचं) प्रमाणपत्र आणि खातं संस्थेच्याच नावावर आहे ना, ते बघा. कुणाच्याही वैयक्तिक खात्यावर संशोधनाचे पैसे जात नसतात. रोख 2,000 च्या वर दिले तर करसवलत मिळत नाही, आणि जुनी करपद्धत घेणाऱ्यांनाच ती मिळते. दुबई-मस्कतला असलेली आपली मुलं भारतीय पासपोर्टवर असतील तर आपल्या कमाईतून देऊ शकतात. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलेल्यांची देणगी घ्यायला संस्थेकडं एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायची सरकारी परवानगी, लागते. व्हॉट्सॲपवर आलेल्या मुलासाठी पैसे द्यायचे असतील तर हॉस्पिटलच्या नंबरवर स्वतः फोन करून पेशंटचा नोंदणी क्रमांक पडताळा आणि शक्यतो हॉस्पिटलच्याच खात्यावर भरा.

देणगीसोबत एक पत्र जोडा: ही रक्कम मुलांच्या कॅन्सरवरच्या संशोधनासाठीच वापरावी. त्याची प्रत भिशीच्या वहीत चिकटवा. वर्षाअखेरीला संस्थेला लिहून विचारा, पैसे कुठं लागले. उत्तर आलं तर ते भिशीत मोठ्यानं वाचा. आलंच नाही तर पुढच्या वर्षीचे पैसे उत्तर देणाऱ्या संस्थेला पाठवा.